पायाखालची चांदी

या, जवळ सरका. अहो, तिथं उंबऱ्याबाहेर उभं राहून पाय काय झटकताय? तसेच आत या. एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, पण पायाखाली काय तुडवून आलात ते बघायची सवय एकालाही नाही. सराफ बाजारात जाता, पैंजण घेता, डबी पिशवीत टाकता आणि दुकानाच्या पायरीवर पाय झटकून चालू लागता. त्या झटकलेल्या धुळीवर आमची अख्खी गल्ली जगली. त्या धुळीनं घरं बांधली, पोरींची लग्नं लावली, आणि शेवटी त्याच धुळीपायी गल्ली बसली. ते कसं झालं, ते सांगायला बसलेय. मध्ये उठू नका.

मी शाळेत गेलेली नाही, आधीच सांगते. अक्षरं शिकले ती धुळीच्या पुड्यांवरून. प्रत्येक पुडीवर कुठल्या दुकानाची धूळ ते लिहिलेलं असायचं. पुड्या इकडच्या तिकडे झाल्या की दोन सराफांत भांडण आणि मध्ये आम्ही. म्हणून वाचायला शिकणं भाग पडलं. दिवाळी अंकवाल्या ताई म्हणाल्या, अक्का, बोलता तसंच लिहा. तर हे तसंच आहे.

लोक मला विचारतात, जळगावात एवढी चांदी कुठून येते, इथं काय खाण आहे? मी म्हणते, होती. नाल्याकाठी आमची झारेगल्ली होती ना, तीच खाण.

झारा म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर. कारागीर चांदी कापतो, घासतो, तार ओढतो, तेव्हा तिचा कीस उडतो. तो जमिनीवर पडतो, बसकरात रुततो, कपड्याला चिकटतो, नखात जातो. संध्याकाळी कारागीर हात धुतो त्या कुंडीच्या तळाशी बसतो. सराफ हे सगळं साठवतो. केर, कुंडीतला गाळ, चांदी वितळवायच्या फुटक्या मुशी, फाटकी बसकरं, कारागिरांचे जुने पंचेसुद्धा. ते सगळं आम्ही विकत घ्यायचो. जाळायचं ते जाळायचं, कुटायचं ते कुटायचं, चाळायचं, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा आणि मग धुवायचं. धुणं बायकांचं काम. लाकडाची पसरट परात असते, तिला काठवट म्हणतात. तुमच्याकडे तीत भाकरीचं पीठ मळतात. आम्ही तीत माती घेऊन हौदाच्या पाण्यात हलवायचो. झुलवायची, थोडी कलती करायची, परत झुलवायची. हलकी माती काठावरून पाण्यात जाते, जड ते खाली राहतं. शेवटी बुडाशी काळी रेघ उरते. नवखा माणूस ती फेकून देईल. त्या काळ्या रेघेतच चांदी असते.

पुढचं काम पुरुषांचं. ती काळी रेघ शिशाबरोबर भट्टीत घालायची. हाडाच्या राखेची खोलगट वाटी करायची, तीत सगळं वितळवायचं आणि भाता मारत राहायचं. शिसं चांदीतला मळ घेतं आणि राखेत मुरतं. वर नुसती चांदी राहते. शेवटच्या घडीला तिच्यावरची साय फाटते आणि आतून असा लख्ख उजेड येतो की बघणाऱ्याचे डोळे मिटावेत. त्या घडीला भट्टीवरचा माणूस एकच शब्द बोलायचा, "उघडली." तो ऐकला की घरात बायका तव्यावर भाकरी टाकायच्या.

मी धुळे जिल्ह्यातली, साक्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी लवकर उठले, पदर खोचला आणि अख्खं घर झाडून केर उंबऱ्याबाहेर लोटला. नवी सून किती कामाची ते दिसावं म्हणून अंगणही झाडलं, सगळा केर नाल्याच्या कडेला नेऊन टाकला. समोरची गंगूअक्का तांब्या टाकून धावत आली. "अवं माय, हाई काय करं तुनी? बठ्ठं घर नालामा फेकी दिधं." सगळं घर मी नाल्यात फेकून दिलं म्हणे. मला कळेना, केर टाकला तर ही रडतेय कशाला. गल्ली गोळा झाली. सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या.

झारेगल्लीत घरातला केर उंबरा ओलांडून बाहेर जात नसे. हा रिवाज लग्न ठरवताना मुलीला कोणी तरी सांगायचं असतं. माझ्या वेळी सगळ्यांना वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. प्रत्येक घरात, मधल्या खोलीत, जमिनीखाली एक खड्डा असायचा. त्याला 'पोट' म्हणायचे. घरचा केर, भट्टीची राख, शिसं मुरलेल्या फुटक्या वाट्या, केस धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं त्या पोटात जायचं. त्यावर मातीचा थर, त्यावर शेणाचं सारवण. घरागणिक दोन-तीन पिढ्यांचं पोट. ते एरवी उघडायचं नाही. घरावर मोठं संकट आलं तरच.

आबा, म्हणजे माझे सासरे, गल्लीतले सगळ्यात मुरलेले झारेकरी. ते उठले. माझ्याबरोबर नाल्यावर आले, ओल्या फडक्यानं केर टिपायला लावला, हौदावर बसवलं आणि काठवट हातात दिली. माझ्या पाठीमागे उभे राहून मनगट कसं सोडायचं ते दाखवलं. दुपार कलली तेव्हा बुडाशी रेघ दिसली. त्यातला एक कण त्यांनी नखावर घेतला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बठ्ठी चांदी मातीमाच शे, पोरी. फक्त तिले घाई नही."

त्या दिवशी मी झारेकरीण झाले. गंगूअक्का मात्र पुढं कित्येक वर्षं कोणीही भेटलं की माझी ओळख 'घर नाल्यात टाकणारी' अशीच करून द्यायची.

ऐंशीच्या पुढची वर्षं म्हणजे गल्लीचा भराचा काळ. केळीला भाव, कपाशीला भाव. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला की आधी बायकोच्या पायात चांदी यायची. आणि चांदी म्हणजे आताच्या सारखी फुंकलं तर उडेल अशी नाही. तोडे, वाळे, गोठ, कडदोरे. सातपुड्यातल्या बाया यायच्या, त्यांना तर हातात धरल्यावर हात खाली गेला पाहिजे असा दागिना लागायचा. दुकानामागच्या कारखान्यांत ठोकणी थांबायची नाही. जितकी ठोकणी, तितका केर. आमच्याकडे पोती यायला लागली. जळगावची, भुसावळची, धुळ्याची, दोंडाईच्याची सुद्धा. विटांची घरं झाली. कोणाकडे टीव्ही आला, तर रविवारी सगळी गल्ली त्याच्या ओट्यावर. नाल्याकाठच्या लोकांशी सोयरीक नको म्हणणारे आता स्वतःहून मुली सांगून यायला लागले.

तुमची दिवाळी पणतीनं सुरू होते, आमची झाडूनं. दिवाळीआधी सराफ दुकानं रंगवायला काढायचे. भिंती खरडायच्या, फळ्या काढायच्या, जमिनीचा थर सोलायचा. वर्षाचा सगळ्यात कसदार माल तेव्हाचा. तो वजनावर नाही, नजरेवर विकत घ्यायचा. ढीग बघून बोली. चुकलात तर वर्ष कोरडं. आमचे एक नानाशेट होते. माणूस गोड, पण ढीग देताना हात काही स्वच्छ नसायचा. केरात विटांची पूड मिसळायचे. आबा त्यांच्या ढिगाशी बसायचे, चिमूट घ्यायचे, मनगटावर चोळायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, नाना, घर बांधायला काढलं का? नानाशेट म्हणायचे, आबा, भिंत खरडली तर वीट येणारच. आबा म्हणायचे, मग भिंतीचा भाव सांगा, चांदीचा नंतर बोलू. पुढं हा खेळच झाला. नानाशेट पूड मिसळायचेच आणि आबा ओळखायचेच. पूड नसलेला ढीग आला त्या वर्षी आबांना चैन पडेना. म्हणाले, नाना आजारी आहे की काय, बघून ये.

एक गिऱ्हाईक मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. चोपड्याच्या वरच्या डोंगरातली एक पावरा आदिवासी म्हातारी टोपलीत राख घेऊन आली. एसटीच्या टपावर टोपली चढवू देईनात म्हणून मांडीवर घेऊन बसली होती. तिची झोपडी जळाली होती. आत तिची सगळी चांदी. लोकांनी राखेत काठ्या घालून बघितलं, काही दिसलं नाही, आणि तिला सांगितलं, आगीनं चांदी खाल्ली. म्हातारीला ते पटेना. कोणी तरी आमचं नाव सांगितलं. ती बसली ती हौदाच्या कडेला, टोपलीवर हात ठेवून. मी टोपली मागितली तर सोडेना. तिची भाषा मला अर्धीच कळत होती, पण एवढं कळलं की मी धुताना जेवायची वेळ झाली तरी ती उठणार नाही, आणि मी चिमूटभर जरी राख बाजूला ठेवली तरी तिला दिसेल. मी म्हटलं, बस बाई, बघ.

आग चांदी कुठं खाते? ती वितळते, राखेत, मातीत ठिपके होऊन बसते, आणि तिला घ्यायला कोणी येईपर्यंत तिथंच राहते. संध्याकाळपर्यंत काठवटीत ठिपके जमले. आमच्या ह्यांनी भट्टी लावली. हे म्हणजे माझे यजमान. गल्ली त्यांना मधूभाऊ म्हणायची. भट्टीवर त्यांचा हात असा की आबासुद्धा बाजूला सरकायचे. म्हातारी भट्टीच्या धगीत तशीच बसून. "उघडली" म्हटल्यावर ती वाकली, चांदीकडे बघितलं आणि पहिल्यांदा टोपलीवरचा हात काढला. जळालेल्या घराच्या राखेची मजुरी घ्यायची नाही, असा आबांचा नेम होता. ती दुसऱ्या महिन्यात परत आली, तेव्हा मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन आली. कुठल्या तरी सोनाराकडून त्या चांदीचे वाळे करून घेतले होते. पाय पुढं करून दाखवले आणि गेली.

ही आमची खाण. आता तिचा शेवट ऐका.

आबा गेले, आणि नव्वदच्या पुढं बाजार बदलला. आधी तयार माल आला, दूरच्या शहरांतून, यंत्रावर केलेला, हलका, चकचकीत. कारागीर एकेक करून उठले. ठोकणी कमी झाली तसा केर कमी झाला. मग दुकानं बदलली. एका दिवाळीआधी नानाशेटनी मला निरोप पाठवला, अक्का, येऊन जा. मला वाटलं, ढीग तयार आहे. गेले तर दुकानात पांढरी फरशी. काचेसारखी. नानाशेट लहान मुलासारखे कौतुकानं म्हणाले, तोंड दिसतं बघा यात. मी वाकून बघितलं. तोंड दिसलं, केर दिसला नाही. उरलेला कीस ओढून घ्यायला यंत्र आणलं होतं, त्याची पिशवी भरली की ती थेट मोठ्या शहरातल्या कारखान्यात. नानाशेट चहा घ्या म्हणाले. मी घेतला. काय करणार, माणूस वाईट नव्हता.

त्या वर्षी गल्लीत पहिल्यांदा दिवाळीची भट्टी पेटली नाही. आणि मग गंगूअक्काच्या पोरानं आपल्या घराचं पोट उघडलं.

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. संकटच होतं. पण त्यातून जी चांदी निघाली ती बघून गल्लीला ताप चढला. आजवर बाहेरची धूळ आत आणत होतो, आता लोक आपल्याच घराची जमीन खणायला लागले. पोट संपलं की कोपरे, कोपरे संपले की भिंतीचा पाया, कारण पाया भरतानाही भट्टीचीच राख घातलेली. हौदावर परत गर्दी, परत भाते, परत गप्पा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, गल्लीला जुने दिवस आले. पण पावसाळ्यात गंगूअक्काची मागची भिंत बसली. मग शेजारची. चांदी काढून झाली की घर राहायच्या लायकीचं उरायचं नाही. मग माणसं सामान टेम्पोत भरून निघायची. कोणी भुसावळला, कोणी सुरतेला. गंगूअक्का पोराबरोबर वरणगावला गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, तू तर केर टाकला होता, आम्ही घरच टाकून चाललो.

आमच्या घराचं पोट गल्लीतलं सगळ्यात जुनं. आबांच्या वडिलांपासूनचं. सगळ्यांची नजर त्यावर. आणि सगळ्यात जास्त नजर कोणाची, तर ह्यांची.

पण त्याआधी ह्यांच्या हाताचं सांगायला हवं. ह्यांना बरीच वर्षं पोटात कळा यायच्या. आम्ही एरंडेल देत होतो, ओवा देत होतो. भट्टीवरच्या सगळ्याच पुरुषांना कळा यायच्या. ते झारेकऱ्याचं दुखणं म्हणून चालायचं. मग एक दिवस चिमटा धरताना उजवं मनगट खाली पडलं. दुखलं नाही, सुजलं नाही. नुसतं पडलं, आणि वर येईना. दोर कापलेल्या बाहुलीसारखा हात लोंबायला लागला. कोणी म्हणालं अंगात आलं, कोणी म्हणालं वारं लागलं. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ओठ उघडून हिरड्या बघितल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. मी चटकन म्हटलं, अशीच रेघ काठवटीत येते. डॉक्टर म्हणाले, तीच आहे. शिसं आहे. राखेत मुरतं तसं ह्यांच्या अंगात मुरलंय.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाशब्दानं लक्षात ठेवलं. आता शिशाचा धूर नको, शिशाची धूळ नको, ती राख घरात उडायलासुद्धा नको. तसं झालं तर हात हळूहळू परत येईल. नाही तर दुसराही जाईल.

घरी आलो.  तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, पोट उघडतो. शेवटची भट्टी. त्या चांदीवर पुढं कसंही निभेल, मग भट्टी बंद. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हणाले, इतकी वर्षं धुरात बसलो, आणखी एका भट्टीनं काय होतं. मी सांगितलं, त्या पोटात चांदी एकपट आणि शिसं दहापट आहे. तुम्हीच तर मुरवलंय. तर म्हणाले, तुला आबांनी राखलेल्या पोटाची माया आहे, माझ्या कष्टाची नाही. असं चालायचं आमचं. त्यांचंही मला कळत होतं. ज्या हाताचं गल्लीनं नाव घेतलं, तो हात लोंबत असताना माणसाला एकदा तरी "उघडली" म्हणायचं असतं. त्यांना चांदीपेक्षा तो शब्द हवा होता.

एका सकाळी मी पाणी भरून आले तर मधल्या खोलीत गल्लीतले दोघं कुदळ घेऊन उभे. हे डाव्या हातानं जागा दाखवत होते. मी हंडा खाली ठेवला, पाटा आणला, पोटावर ठेवला आणि त्यावर रिठे फोडायला बसले.  हे म्हणाले, ऊठ. मी रिठे फोडत राहिले. परत म्हणाले, ऊठ म्हणतो ना. तेव्हा मी मान वर केली.

"खणायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवा. पण उचलायला दोन्ही हात लागतात."

 कुदळवाले एकमेकांकडे बघून निघून गेले. हे भिंतीला टेकून खाली बसले. मी लागट बोलले होते, पण मागे घ्यायचं नाही हे ठरवूनच बोलले होते. त्यांचा उजवा हात मी माझ्या मांडीवर घेतला आणि म्हटलं, हा परत येईपर्यंत मी इथून उठत नाही. पाहिजे तर भाकरी इथंच थापते.

पण माणूस पोटावर किती दिवस बसणार? बाजाराला जावं लागतं. मी गेले की हे एकटे घरात, आणि पोट खाली. मग मी नानाशेटकडे गेले. त्यांनी विचारलं, काय देऊ? त्यांना वाटलं, मी मदत मागायला आलेय. मी म्हटलं, तुमच्या त्या फरशीतल्या काही उरल्यात का? ते म्हणाले, अक्का, फरशीनं तुमचा धंदा बुडाला, आणि तुम्हाला फरशी पाहिजे? मी म्हटलं, तुमच्या दुकानातली खाण बंद झाली ना तिनं? आता माझ्या घरातली करायची आहे.

मागच्या खोलीत उरलेल्या फरश्या होत्या, काही कोपरे उडालेल्या. त्यांनी सगळ्या दिल्या. मी फुकट घेत नव्हते. म्हटलं, तुमच्या पायरीवर बसते, गिऱ्हाइकांची काळी पडलेली चांदी उजळून देते, त्यातून फेडून घ्या. रिठ्याचं पाणी, चिंच आणि मऊ बुरूश, एवढ्यावर चांदी कशी उजळते ते आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा. त्यात शिसं नाही, धूर नाही. नानाशेट म्हणाले, रिठ्यात विटांची पूड तर नाही ना मिसळणार? आम्ही दोघं हसलो. आबा असते तर तेही हसले असते.

गवंडी आला. त्यानं जमीन ओली करून चोपली, सिमेंट कालवलं आणि पहिली फरशी हातात घेऊन थांबला. म्हणाला, अक्का, लोक म्हणतात खाली चांदी आहे. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, बरीच आहे म्हणतात. मी म्हटलं, बरीच आहे, बसव फरशी. हे दारात उभे होते. शेवटची फरशी बसली तसे चपला घालून निघाले ते मेहरूणच्या तलावावर जाऊन बसले. मी आणायला गेले नाही. भूक लागली की माणूस येतो.

पुढचे महिने सोपे होते असं सांगितलं तर खोटं होईल. हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे. डॉक्टरांनी मनगटाला लाकडी पट्टी बांधून दिली होती. मी रोज गरम पाण्यात हात शेकायचे, बोटं एकेक करून वर उचलायचे. ते भिंतीकडे बघत बसायचे. सकाळी मी नानाशेटच्या पायरीवर. बाया यायच्या, पिशवीतून काळे पडलेले पैंजण, छल्ले, देवघरातली निरांजनं काढायच्या. संध्याकाळी परत जाताना आरशात बघितल्यासारखं त्या त्यांत बघायच्या. कोणी म्हणायचं, अक्का, जुनं होतं, नवंच दिसतंय. मी म्हणायचे, चांदी तीच आहे, मळ तेवढा गेला.

दिवाळीच्या तोंडाशी काम इतकं आलं की घरी घेऊन यायला लागले. फरशीवर फडकं पसरून बसायचे. एका संध्याकाळी एक जाड तोडा होता, कोणाच्या तरी आजीचा, काळाकुट्ट. मी पाणी बदलायला उठले. परत आले तर हे फडक्यापाशी बसलेले. डाव्या हातात बुरूश, आणि तोडा उजव्या हातात. मी दारातच थांबले. पट्टी बाजूला काढून ठेवली होती. मनगट थरथरत होतं, पूर्ण सरळही नव्हतं, पण खाली पडलं नव्हतं. घासून झाल्यावर त्यांनी तो तोडा दिव्यासमोर वर धरला. वर, स्वतःच्या मनगटानं. काळ्या सालीखालून चांदी लख्ख बाहेर आली होती.

"उघडली," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघून, किती महिन्यांनी कोण जाणे, हसले. मी आत जाऊन तवा ठेवला.

तेव्हापासून आम्ही दोघंही उजाळ्याचं काम करतो. हात शंभर टक्के आला नाही. थंडीत आखडतो. पण भाकरी मोडतात, चहाची बशी धरतात, आणि अजून माझ्यापेक्षा बारीक नक्षी तेच साफ करतात. गल्लीत आता आमचं घर आणि आणखी थोडी. बाकी मोकळे खड्डे, त्यांत एरंड उगवलाय. आबांची काठवट भिंतीवर आहे. तिच्यात पीठ मळू देत नाही मी कोणाला. ती ज्या कामाची होती ते काम आता कोणाला येत नाही. मनगट कसं सोडायचं ते मी दोघी-तिघींना दाखवलं, पण धुवायला मातीच नाही तर विद्या राहणार कुठं? त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू. कधी दुपारी एकटी असले की त्या फरशीवर तळवा ठेवते. आबा म्हणायचे तसं, तिला घाई नाही. आम्हालाही नाही. राहू दे तिथंच.

तर आता या एकदा. चिठ्ठीचपाटी नको, फोन नको, दिवाळीच्या आधी सरळ या. सराफ बाजारातून खाली नाल्याकडे उतरलात की कोणीही घर दाखवेल. देवघरातलं, आईच्या पेटीतलं काही काळं पडलं असेल तर घेऊन या, हे उजळून देतील. गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन जा. आणि हो, आत येताना पाय बाहेर नीट झटकून या. सुरुवातीला रागावले ती जुनी सवय. आता फरशी आहे घरात, आणि ती मीच बसवून घेतलीय.